कच्च्या हिरड्यांचं घराणं

आमच्या घरातल्या बायकांचे दात चाळिशीच्या आत जात, आणि त्याचं कुणाला नवल वाटत नसे. केस पिकावेत, गुडघे दुखावेत, तसे दात जात. आधी ज्वारीच्या पांढऱ्या भाकरीवर चावल्या जागी लाल रेघ उमटायची. मग चूळ गुलाबी व्हायची. मग हिरड्या सुजून दातांवरून मागे सरकायच्या, दात लांब दिसायला लागायचे, हलायचे, आणि एखाद्या दिवशी चहात बुडवलेल्या पावाबरोबर हातात यायचे. माझ्या आत्याने तेवढीही वाट पाहिली नव्हती. बाबांची ही थोरली बहीण अकोल्याला जठारपेठेत राहायची. बाबा आणि माय तिला ‘बाई’ म्हणत. एकोणचाळिसाव्या वर्षी घराजवळच्या एका दातवाल्याकडून तिने सगळे दात काढून घेतले होते आणि कवळी बसवली होती. ती हसली की सगळे दात एका रांगेत, एका मापाचे, पांढरेशुभ्र दिसायचे. “सुटली बाप्पा मी,” असं ती अभिमानाने सांगायची. “आपल्या घराण्याच्या हिरड्याच कच्च्या. लवकर काढले तं लवकर सुटका.”

मीही सतरा वर्षांची होईपर्यंत हे खरं मानत होते. आज माझं वय त्रेसष्ट आहे आणि माझ्या तोंडात माझे स्वतःचे सत्तावीस दात आहेत. मोजून सांगते, कारण त्यांच्यासाठी मला घरात जेवढं भांडावं लागलं तेवढं नोकरीसाठी किंवा लग्नासाठीही भांडावं लागलं नाही.

आम्ही बडनेऱ्याला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या, मागे मोरी, आणि समोर सहा घरांत मिळून एक नळ. बाबा यार्डात सांधेवाले होते; गाडी कोणत्या रुळावर घ्यायची ते सांगितलं की तो सांधा बदलायचा, हे त्यांचं काम. दिवसभर यार्डात डबे एकमेकांना धडकायचे आणि प्रत्येक धडकेबरोबर आमच्या मांडणीवरची भांडी किणकिणायची. पाहुणे दचकायचे. आम्हाला मात्र ती किणकिण थांबली की चुकल्यासारखं व्हायचं. सकाळी घरात पहिला वास चहाचा नसायचा, जळक्या तंबाखूचा असायचा. माय एका फुटक्या तव्यावर तंबाखू जाळायची, बोटाने चुरायची आणि त्या काळ्या भुकटीने दात घासत उंबऱ्यात बसायची. ती अंजनगाव सुर्जीची. तिचे वडील तिकडे पानमळ्यात मजुरी करायचे. तिच्या हाताची आंबाडीची भाजी आणि पातोड्यांचा रस्सा यांची चव मला पुन्हा कुठे मिळाली नाही. पण ती स्वतः जेवायची ते भाकर वरणात कुस्करून, पार लगदा करून. आम्हाला वाटायचं, तिला तसंच आवडतं. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो. एवढी वर्षं आम्ही तिच्यासमोर बसून कडक भाकरी कुडुमकुडुम चावत होतो आणि तिला भाकर चावताच येत नाही, हे एकाच्याही लक्षात आलं नाही.

बाबा दर रविवारी विहारात वस्तीतल्या पोरांना शिकवायचे. वंदना झाली की गणित, गणित झालं की गोष्टी. त्यांचं एक वाक्य ठरलेलं: “कोनी सांगतलं म्हनून मानाचं नाई. आधी इचाराचं, मंग पाह्याचं, मंग मानाचं.” घरात नवस नव्हता, गंडा नव्हता, अंगारा नव्हता. माझ्या आजोबांनी ते सगळं एका दिवसात घराबाहेर काढलं होतं आणि बाबांना त्याचा फार अभिमान होता. तरीही कच्च्या हिरड्यांचं हे नशीब मात्र आमच्या घरात कोणी न विचारता तसंच राहिलं होतं.

अकरावीला मी अमरावतीच्या कॉलेजात जायला लागले आणि त्याच हिवाळ्यात माझ्या भाकरीवर ती लाल रेघ आली. संत्र्यांचे दिवस होते. फोड तोंडात टाकली की हिरड्यांना अशी झोंबायची की डोळ्यांत पाणी यायचं. मग घरचे उपाय सुरू झाले. अंगात उष्णता वाढली म्हणून गुलकंद, तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या, बाभळीची काडी. आणि सगळ्यांत ठाम उपाय मायचा: “ब्रश लावू नोको. ब्रशानंच सोलल्या जाते. दुखते तिथं हात कायले लावाचा?” मी ब्रश सोडला. रक्त आणखी वाढलं. तोंडाला वास यायला लागला, तो मला स्वतःला कळायचा. बसमध्ये शेजारी कोणी बसलं की मी खिडकीकडे तोंड करायचे. मी ओठ मिटून हसायला शिकले. कॉलेजच्या ओळखपत्रावरचा तो फोटो अजून माझ्याजवळ आहे. त्यातली मुलगी शिष्ट वाटते; खरं तर ती घाबरलेली आहे.

एका दुपारी इंग्रजीचा तास बुडवून मी एकटीच सरकारी दवाखान्यात दातांच्या खोलीत गेले. घरी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर “तुह्या आत्याचंही असंच झालं व्हतं” एवढंच उत्तर मिळालं असतं. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आधी बरंच विचारलं: ताप येतो का, अंगावर काळेनिळे डाग पडतात का, नाकातून रक्त येतं का, घरात कोणाला साखरेचा आजार आहे का. मी सगळ्याला नाही म्हटलं. मग त्यांनी माझ्या हातात आरसा दिला आणि दाताच्या मुळाशी बारीक हत्यार फिरवून त्यावर आलेला पांढरट चिकट थर मला दाखवला.

“हे बघ. रक्त ब्रशाने येत नाही. हा थर हिरडीच्या कडेला बसून राहतो, त्याने हिरडी सुजते, आणि सुजलेल्या हिरडीला नुसता धक्का लागला तरी रक्त येतं. थर जुना झाला की दगडासारखा होतो. तो मी काढून देते. पण रोजचा थर तुलाच काढायचा आहे.”

“पण ब्रश लावला की रक्त येते ना,” मी म्हटलं.

“येऊ दे. मऊ ब्रश घे. जिथे रक्त येतं तिथेच, हिरडीच्या कडेवर, हळू घास. सकाळी आणि झोपताना. आठ-दहा दिवस रक्त दिसेल, मग कमी होईल. दोन आठवड्यांत थांबलं नाही तर परत ये, आपण रक्त तपासू.”

“आमच्या घराण्यातच हाये हे,” मी जवळजवळ कुजबुजले.

त्या हसल्या नाहीत. “असू शकतं थोडंफार,” म्हणाल्या. “म्हणून तू दुप्पट घासायचं. हातावर हात ठेवून बसायचं नाही.”

त्या दिवसापासून आमच्या मोरीत रोज तमाशा व्हायला लागला. मी घासायचे, फेस गुलाबी व्हायचा, आणि माय ओरडायची. तिसऱ्या दिवशी फेस चांगलाच लाल झाला तेव्हा तिने माझ्या हातातून ब्रश हिसकला आणि मोरीच्या भिंतीवरून पलीकडच्या बाभळीत फेकला. “रगत काढून राहिली सोताचं! पागल झाली काय वं?” मी दुकानात जाऊन दुसरा ब्रश आणला आणि तिच्यासमोरच पुन्हा घासायला उभी राहिले. बाबा ड्युटीवरून येऊन चपला काढत होते. “सोड ना थे, पोरी. माय सांगते तं ऐकत जाय,” ते थकलेल्या आवाजात म्हणाले. मी तोंडातला फेस थुंकून म्हटलं, “चौदा दिवस ऐकनार नाई. मंग सांगा.” बापाला असं उत्तर मी त्याआधी कधीच दिलं नव्हतं. पण ब्रश थांबला नाही. बाराव्या दिवशी फेस पांढराच राहिला. भाकर खाल्ली, तुकडा उलटून पाहिला, दिव्याखाली धरून पाहिला. रेघ नव्हती. मी तो तुकडा मायला दाखवला. तिने पाहिला, मान फिरवली आणि म्हणाली, “तुह्या तरन्या हिरड्या. माह्याचं काय आता!”

मला त्या क्षणी जे कळलं ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं नव्हतं. मायच्या हिरड्या कच्च्या, आत्याच्याही कच्च्या. पण माय तर या घरात लग्न करून आलेली! तिच्या अंगात आमच्या घराण्याचं रक्त होतंच कुठे? एवढी साधी गोष्ट कोणाच्या डोक्यात आली नव्हती. दोघींच्यात सारखं होतं ते घराणं नव्हतं. सारखी होती ती जळक्या तंबाखूची भुकटी, आणि दुखतं तिथे हात लावायचा नाही ही शिकवण.

मायचं खरंच वाईट चाललं होतं. समोरचे दोन दात बोटाने हलत. हिरडीतून पू यायचा. ती वाळत चालली होती, आणि सतत पाणी प्यायची; माठ दोनदा भरावा लागायचा. त्यातच आत्या अकोल्याहून आली. तिने मायचं तोंड पाहिलं आणि तिथल्या तिथे निकाल दिला. “काढून टाक सारे. माह्या दातवाल्याशी बोलतो मी. दोन खेपेत काम खलास. मंग माह्यासारखी हसजो.” बाबांनी रजा टाकली. मी मध्ये बोलले तेव्हा आत्याने माझ्याकडे न पाहताच सांगितलं, “तू कॉलेज शीक. थे दात आमचे हायेत.”

ठरल्या दिवशी आम्ही चौघं अकोल्याला त्या दातवाल्याच्या दुकानात होतो. भिंतीला आरसा, काचेच्या कपाटात कवळ्यांच्या जोड्या, खुर्चीशेजारी तिपाईवर ट्रे आणि त्यात चिमटे. माणूस गोड बोलणारा होता. त्याने मायला खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि सुईत औषध भरायला घेतलं. मायचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट होते. लग्नाच्या फोटोतही तिचे हात असेच आहेत.

मी विचारलं, “दात काढायच्या आधी हिची साखर तपासली काय?”

“दात काढायले साखर कायले तपासाची वं?” तो हसला.

आत्याही हसली. “दोनदा दवाखान्यात काय गेली, डॉक्टरीन झाली.”

मी खुर्ची आणि तो माणूस यांच्या मधे जाऊन उभी राहिले. ठरवून नाही, पायच गेले. “एकही दात काढू देनार नाई,” मी म्हटलं. आवाज इतका मोठा निघाला की बाहेर बसलेल्या बाया आत डोकावल्या. आत्याने माझा दंड धरून ओढलं. मी हलले नाही. “आत्या, माय अंजनगावची. ती तुमच्या घरात लगन करून आली. तुमच्या घराण्याच्या कच्च्या हिरड्या तिले कशा लागल्या? सांगा!”

आत्याने माझा दंड सोडला. “लगनानं लागते काय थे?” मी पुन्हा विचारलं. मग मी बाबांकडे वळले. ते दाराशी टोपी हातात घेऊन उभे होते. “बाबा, तुमी नशीब मानत नाई. मंग हिरड्याचं नशीब कावून मानता? आधी इचाराचं, मंग पाह्याचं, हे विहारातल्या पोरायलेच हाये काय? मायसाठी नाई?”

बाबांच्या तोंडावर चपराक बसल्यासारखं झालं. मला वाटलं, आता खरंच मारतात. आणि मग बोलली ती माय. तिने गळ्याचा टॉवेल सोडला, घडी घातली आणि तिपाईवर ठेवला. “मले नाई काढाचे,” ती म्हणाली. “बाई, तुमचे काढले तवा तुमी महिनाभर रडल्या. मी व्हतो तुमच्यापाशी. मले नाई काढाचे.” ती खुर्चीतून उतरली. आत्या पांढरीफटक पडली. आपण किती रडलो ते कोणाच्या लक्षात असेल, असं तिला वाटलं नसावं. बाबांनी टोपी डोक्यावर घातली आणि मला म्हणाले, “चाल. कुठं नेतं तिले?”

सायकलरिक्षा करून आम्ही सरकारी दवाखाना गाठला. आत्या आली नाही. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी मायचं तोंड पाहिलं, किती पाणी पिते, किती वाळली ते विचारलं आणि लघवी तपासायला पाठवलं. तपासणाऱ्याने काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात थेंब टाकले आणि नळी ज्योतीवर धरली. बाबा आणि मी खिडकीतून बघत होतो. निळं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं झालं, आणि बघता बघता नळीत विटेचा लाल रंग खाली बसला. “भरपूर साखर,” तो म्हणाला. डॉक्टरांनी बाबांना बसवून सांगितलं की साखर अशी वाढली की हिरड्या लवकर सडतात, दात हलतात. आणि अशा अंगातून आज इतके दात ओढले असते तर जखमा चिघळल्या असत्या, प्रकरण तोंडापुरतं थांबलं नसतं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर ते दवाखान्याच्या पायरीवर बसले. बराच वेळ त्यांनी माझा हात धरून ठेवला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढे सगळं सुरळीत झालं असं मी लिहिणार नाही. मायचे चार दात गेलेच, ते वाचण्यासारखे नव्हते. बाकीच्यांचं दगड झालेलं कीट काढायला अमरावतीला कितीतरी खेपा झाल्या. गोळ्या तिने घेतल्या, चहातली साखर सोडली, ब्रशही लावला. पण तंबाखूची भुकटी सोडायला तिला वर्ष लागलं. मी तो तवा फेकला, तिने दुसरा आणला. मी लपवला, तिने शोधला. ब्रश तिने एकदाच फेकला होता, मी तवे तीन फेकले. शेवटी तिने भुकटी सोडली ती माझ्या भांडणाने नाही. एक दिवस ती म्हणाली, “आता तोंडाले चव येते वं, या जयक्या वासानं जाते.” मग तिने ज्वारीची भाकर भाजली, चांगली कडक, आणि ठेच्याबरोबर चावून खाल्ली. सावकाश, उजव्या बाजूने. त्या दिवशी यार्डात डबे धडकत होते की नव्हते, तेही मला आठवत नाही.

हे वाचून कोणाला वाटेल की मी पुढे दातांची डॉक्टर झाले. नाही. मी पोस्टात नोकरी केली, पत्रांवर शिक्के मारले, त्यातच निवृत्त झाले. आपल्या तोंडात काय चाललंय ते विचारायला डॉक्टर व्हावं लागत नाही. गेल्या वर्षी माझ्या दोन दातांमधून पुन्हा रक्त आलं, तर आमच्या कॉलनीतल्या एका बाईंनी समजूत घातली, “या वयात चालायचंच.” मी त्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन तपासून आले.

आत्या मात्र दोन वर्षं आमच्या दारात आली नाही. चारचौघांत तिचा अपमान झाला होता, आणि तो मी केला होता. त्याबद्दल मी तेव्हा माफी मागितली नाही, आजही मागत नाही. दोन वर्षांनी ती आली ती लंगडत. पायाच्या बोटाला चप्पल लागली होती आणि ती जखम तीन महिने भरत नव्हती. मायने तिला बसवलं, पाण्याचा तांब्या दिला. आत्याने तो घटाघटा संपवला आणि पुन्हा मागितला. मायने दुसरा तांब्या भरला, पण हातातच धरून ठेवला. “बाई,” ती म्हणाली, “अशी तहान कवापासून लागून राहिली?” दुसऱ्या दिवशी मायच तिला घेऊन दवाखान्यात गेली, मी सोबत होते. तशीच नळी, तसाच निळा रंग, तशीच ज्योत. वीटकरी रंग खाली बसला. आत्याने विचारलं, “माह्ये दात काढले तवा काहून नाई केलं हे कोनी? मले काहून नाई थांबवलं?” तिची दोन बोटं कापावी लागली.

पाय बरा झाल्यावर आत्या जठारपेठेत परतली. थोड्याच दिवसांत तिच्याबद्दल दातवाल्याची तक्रार बाबांच्या कानावर आली, म्हणून मी तिला बघायला गेले. आत्या त्याच्या दुकानाबाहेर काठी टेकून बसली होती. आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला ती अडवत होती. “काय झालं? रगत येते? दात हालते? आधी सरकारी दवाखान्यात जाय, साखर तपास. मंग वाटलं तं ये इथं.” माझ्यासमोरच एक बाई विचारात पडली आणि माघारी वळली. दातवाला बाहेर आला. त्याचं गोड बोलणं संपलं होतं. “बाई, इथून उठा. माह्या धंद्यावर कावून बसल्या तुमी?”

आत्याने काठी मांडीवर आडवी घेतली. “माह्ये सारे दात तुह्यापाशी हायेत,” ती म्हणाली. “थे वापस दे. मंग उठतो मी.”

त्या दिवशी त्याने दुकान लवकर बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फळी उघडली तेव्हा आत्या आधीच येऊन बसली होती.